लिपी दिली, कळप नेले

(सोव्हिएत सत्तेची पहिली वीस वर्षे : लेखांक ७)

गेल्या आठवड्यात आपण मार्च १९२१ च्या दहाव्या पक्ष काँग्रेसपर्यंत आलो होतो. शेतकऱ्याच्या कोठारातले धान्य बंदुकीच्या धाकाने उचलणे थांबले. ठरलेला कर भरा, उरलेले बाजारात विका, असे लेनिनचे ‘नवे आर्थिक धोरण’ सांगत होते. दोन वर्षांनी, एप्रिल १९२३ मध्ये, बाराव्या काँग्रेसने बिगर-रशियन प्रदेशांना तशीच मोकळीक दिली. तिथला कारभार आणि शिक्षण स्थानिक भाषेत चालावे, अधिकारी तिथलेच असावेत. या धोरणाला ‘कोरेनिझात्सिया’ म्हणत, म्हणजे मातीत मूळ धरणे. दोन्ही निर्णयांमागचा हिशेब एकच होता. खेड्यातला माणूस आणि बिगर-रशियन माणूस विरोधात गेला तर सत्ता टिकणार नव्हती, आणि बहुतेक ठिकाणी हे दोघे म्हणजे एकच माणूस होता.

हा हिशेब पुढे कसा मोडला, ते कझाकस्तानात सर्वांत स्पष्ट दिसते.

कझाक हे गवताळ मैदानातले पशुपालक. मेंढ्या, घोडे, उंट घेऊन ऋतूप्रमाणे शेकडो मैल फिरायचे, नमद्याचे गोल तंबू ठोकायचे. हिवाळ्यात गवतावर बर्फाचा कडक थर बसला की जनावरे उपाशी मरत. या आपत्तीला ते ‘जुट’ म्हणतात. फिरणे हा त्यांचा जुटवरचा उपाय होता. पावसाचा भरवसा नसलेल्या त्या मैदानात दुसरा शहाणपणाचा मार्गही नव्हता.

नव्या राजवटीने सुरुवातीला त्यांना खरोखर काही दिले. अहमेत बायतुर्सिनोव्ह या भाषापंडिताने अरबी लिपीला कझाक उच्चारांचे वळण दिले होते; तो काही काळ तिथला शिक्षणमंत्री होता. कझाक शाळा निघाल्या, वर्तमानपत्रे निघाली. १९२५ मध्ये प्रजासत्ताकाला ‘कझाक’ हे नावही मिळाले. हे सारे केवळ ढोंग होते असे मला वाटत नाही. पण कळपांचे काय करायचे, हे मॉस्कोत ठरत होते. त्याच मॉस्कोच्या लेखी भटके जीवन म्हणजे मागासलेपण. कझाकांना ‘राष्ट्र’ व्हायचे तर त्यांनी एका जागी बसून शेती करावी! भाषा जपायची आणि ती बोलणाऱ्यांचे जगणे मोडायचे, हे एकाच विचारात बसत होते.

१९२८ मध्ये सुमारे सातशे श्रीमंत कुटुंबांचे कळप जप्त करून त्यांना हद्दपार केले गेले. तेव्हा प्रांताचा पक्षप्रमुख होता फिलिप गोलोश्चोकिन. मग आले सामूहिकीकरण, म्हणजे शेती आणि जनावरे सामूहिक मालकीची करणे, आणि सक्तीची वस्ती. कागदावरच्या ‘गावांत’ घरे नव्हती, विहिरी नव्हत्या. तंबूच रांगेत ठोकून त्याला वस्ती म्हटले गेले. धान्य न पिकवणाऱ्या पशुपालकांवरही धान्याचा कोटा लादला. तो भरायला त्यांनी जनावरे देऊन धान्य घेतले आणि ते सरकारजमा केले. वर मॉस्को आणि लेनिनग्राडसाठी मांसाची वसुली होतीच. १९२९ मध्ये जवळपास चार कोटी असलेली जनावरे चार वर्षांत एक दशांशावर आली. फिरायचे ठरवले तरी आता सोबत काही उरले नव्हते.

१९३० ते १९३३ च्या दुष्काळात सुमारे १५ लाख माणसे मेली. त्यांतले बहुसंख्य कझाक होते. दहा लाखांहून अधिक लोक घर सोडून पळाले, कितीतरी चीनमध्ये गेले. तुरार रिस्कुलोव्ह या कझाक नेत्याने स्टालिनला पत्रे लिहून हा संहार कळवला. गोलोश्चोकिन १९३३ मध्ये हटला. रिस्कुलोव्हला १९३८ मध्ये गोळी घातली गेली.

इतिहासाच्या पुस्तकांत आर्थिक धोरणाचे प्रकरण वेगळे असते आणि वांशिक धोरणाचे वेगळे. कझाकांच्या बाबतीत असे करणे मला अन्यायाचे वाटते. तिजोरी आणि कोठार दुसऱ्याच्या हाती असेल, तर शाळेतली मातृभाषा त्याच्या मर्जीवर जगते. १९२९ मध्ये अरबीच्या जागी लॅटिन लिपी आली, आणि त्याच वर्षी बायतुर्सिनोव्हला अटक झाली. १९३७ मध्ये त्याला गोळ्या घातल्या. १९४० मध्ये लिपी पुन्हा बदलली, आता रशियन वळणाची. त्याच्या आदल्या वर्षीच्या जनगणनेत कझाक आपल्याच प्रजासत्ताकात ३८ टक्के उरले होते.

पुढील लेखांकात युक्रेन.