वाळींत पडलेलें मूल

एखाद्या कुटुंबास समाजानें वाळींत टाकावें, त्याच्या घरच्या लग्नकार्यास कोणीं जाऊं नये, हा प्रकार महाराष्ट्रांत आतां कायद्यानें गुन्हा ठरला आहे. विधिमंडळानें २०१६ सालीं केलेला तो कायदा पुढील वर्षीं अंमलांत आला. परंतु आपल्याच घरांतील बारा-चौदा वर्षांचें मूल शाळेंत रोज वाळींत पडत असलें, डबा खातांना त्याच्याशेजारीं कोणी बसत नसलें, खेळांत त्यास कोणी घेत नसलें, वर्गाच्या मोबाईलवरील गटांतून त्यास मुद्दाम वगळलें जात असलें, तर त्याची वार्ता आम्हां वडीलधाऱ्यांच्या कानीं महिनोन् महिने येत नाहीं. आलीच, तर ‘मुलांचीं भांडणें तीं! आज भांडतील, उद्यां एक होतील,’ असें म्हणून आपण मोकळे होतों.

भांडण आणि छळ यांत भेद आहे, व तो प्रथम ओळखला पाहिजे. या विषयाचे आद्य अभ्यासक डॅन ओल्वेयस यांनीं छळाच्या तीन खुणा सांगितल्या आहेत: दुखविण्याचा हेतु, तोच प्रकार पुनःपुन्हां घडणें, आणि दोन्ही पक्षांच्या बळांतील विषमता. बरोबरीचे दोन मुलगे हमरीतुमरीवर आले तर तें भांडण. पण पांचजणांनीं मिळून एकट्यास रोज एकाच नांवानें हिणवावें, व त्या एकट्यास उलट बोलण्याचें त्राण नसावें, हा छळ होय. मग त्यांत एकहि चापट मारलेली नसो.

या भेदाकडे दुर्लक्ष केल्याचें फळ नॉर्वे देशास भोगावें लागलें. १९८२ सालच्या अखेरीस तेथील उत्तर भागांत दहा ते चौदा वर्षांच्या तीन मुलांनीं आत्महत्या केली, व सोबत्यांचा छळ हेंच त्याचें बहुधा कारण असावें असें दिसून आलें. सारा देश हादरला. पुढील वर्षीं सरकारनें देशभर मोहीम उघडली. बर्गन शहरीं ओल्वेयस यांनीं ४२ शाळांतील सुमारें २,५०० मुलांवर तिचा परिणाम तपासला. उपाय साधेच होते. मुलांकडून नांव न लिहितां प्रश्नांचीं उत्तरें घ्यावयाचीं, मधल्या सुटींत मोठ्या माणसांनीं पटांगणावर लक्ष ठेवावयाचें, वर्गाचे नियम मुलांशीं बोलून ठरवावयाचे, आणि छळणाऱ्याशीं, छळ सोसणाऱ्याशीं व दोघांच्या आईबापांशीं गंभीरपणें बोलावयाचें. दोन वर्षांत तेथील छळाचें प्रमाण सुमारें निम्म्यावर आलें. इतर देशांत अशा प्रयत्नांस सरासरीनें एवढें यश आलें नाहीं. प्रमाण सुमारें पंचमांशानेंच उतरलें. तरीहि ‘हें असेंच चालावयाचें’ ही समजूत खोटी ठरली, हें थोडें नव्हे.

छळ सहसा दोघांत चालत नाहीं. त्यास प्रेक्षक लागतात. फिनलंडमधील क्रिस्टिना साल्मिवाल्ली यांनीं १९९६ सालीं दाखविलें कीं, वर्गांत छळणारा व सोसणारा यांखेरीज साथ देणारे, हंसून उत्तेजन देणारे, दूर राहणारे व बाजू घेणारे असे आणखीहि असतात. कॅनडांतील शाळांच्या पटांगणावर केलेल्या, २००१ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका पाहणींत असें आढळलें कीं, सोबती बहुतेक प्रसंगीं हजर असत, पण मध्यें पडत ते पांचांतून एखाद्याच वेळीं. मात्र ते मध्यें पडले, तर निम्म्याहून अधिक वेळां छळ दहा सेकंदांच्या आंत थांबे! आपलें मूल छळणाऱ्यांत नाहीं एवढ्यावर समाधान न मानतां, तें हंसणाऱ्यांत आहे काय, हेंहि आपण पाहावें.

हें दुःख मूल मोठें झालें म्हणजे विरून जातें, असेंहि नाहीं. १९५८ सालीं ब्रिटनमध्यें एकाच आठवड्यांत जन्मलेल्या मुलांचा मागोवा पुढें अनेक वर्षें घेण्यांत आला. त्यांतील ७,७७१ जणांची हकीकत तपासतां, सातव्या व अकराव्या वर्षीं ज्यांचा वारंवार छळ झाला, त्यांच्यांत पंचेचाळिसाव्या वर्षींहि खिन्नता व चिंतारोग यांचें प्रमाण इतरांपेक्षां अधिक आढळलें.

यावर ढाल कोणती? आपलें कोणी आहे, ही खात्री. कोहेन व विल्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनीं १९८५ सालीं दाखविलें कीं, जिवलगांचा आधार असला म्हणजे आघाताची धार बोथट होते. एकत्र कुटुंबास येथें केवढी अनुकूलता आहे! आईजवळ जें बोलवत नाहीं तें आत्याजवळ बोलतां येतें; वडिलांचा धाक वाटला तर आजोबांची खोली उघडी असते. पण दहा माणसांच्या घरांतहि मूल एकटें असूं शकतें. चुलतभावाच्या गुणांशीं रोज तुलना होत असेल, ‘ढब्बू’, ‘रडूबाई’ हीं नांवें पंगतींतच पडत असतील, तर शाळेंतील छळाची तक्रार त्यानें कोणत्या तोंडानें सांगावी? वाळीचा आरंभ पुष्कळदां घरच्या थट्टेंत असतो.

सोमवारीं सकाळीं पोट दुखूं लागणें, वह्या-डबा वारंवार हरवणें, शाळेची वाट बदलणें, झोंप उडणें, मोबाईल वाजतांच चेहरा उतरणें, या खुणा दिसल्या तर उलटतपासणी न करतां जवळ बसावें व ऐकून घ्यावें. ‘तूंहि दोन ठेवून दे’ हा उपदेश दुबळ्याच्या कामाचा नाहीं. ‘कोणास सांगणार नाहीं’ असें वचनहि देऊं नये, कारण सांगावें लागतेंच. काय घडलें तें तारीखवार लिहून वर्गशिक्षकांस भेटावें. दुसऱ्याच्या दारीं भांडावयास जाऊं नये. आणि दोघांस समोरासमोर उभें करून हात मिळविण्यास लावूं नये, कारण तेथेंहि बळाची विषमता कायमच राहते.

आपलाच मुलगा छळणारा निघाला तर? तें झांकणें ही माया नव्हे. त्यास मारून तर बळाचाच धडा पक्का होतो. चूक स्पष्ट शब्दांत सांगावी, भरपाई करवावी, आणि पुढें लक्ष ठेवावें.

मूल जगण्याचा कंटाळा बोलून दाखवूं लागलें, तर ‘वेडगळ बोलूं नकोस’ म्हणून तें उडवून न लावतां त्यास एकटें सोडूं नये व विनाविलंब डॉक्टर गांठावा. सरकारची टेलि-मानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र मिळते. संकटांतील मुलांसाठीं १०९८ हा क्रमांक आहे. मनाच्या दुखण्यास वैद्य बोलाविणें यांत घराण्यास कमीपणा नाहीं. कमीपणा आहे तो आपल्याच पंगतीस बसलेल्या मुलाचें दुःख शेवटपर्यंत न कळण्यांत.