तिसऱ्या मजल्यावरचं हॉटेल

बर्लिनच्या शार्लोटेनबुर्ग भागात छोटं, घरगुती हॉटेल शोधायचं तर नजर दुकानांच्या पाट्यांवर नको, दाराशेजारच्या बेलच्या बटणांवर हवी. पाच मजली जुनी इमारत, खाली पुस्तकांचं नाहीतर चष्म्यांचं दुकान, वर दातांचे डॉक्टर आणि वकील. त्यांच्या नावांच्या रांगेतच एक पितळी पट्टी असते: होटेल-पेन्सिऑन अमुक, तिसरा मजला. बटण दाबलं की वरून कुणीतरी नाव विचारतं, कुलूप घरघर करत सुटतं आणि आपण नक्षीदार कठड्याच्या रुंद जिन्यात उभे राहतो. लिफ्ट असलीच तर मागाहून बसवलेली आणि अरुंद. दोन माणसं आणि एक बॅग, किंवा एक माणूस आणि दोन बॅगा, एवढाच तिचा वकूब.

मजल्यावर पोचल्यावर कळतं, की हे हॉटेल म्हणजे मुळात एक घर आहे. एका सधन कुटुंबाचा आठ-दहा खोल्यांचा फ्लॅट, त्याला आता खोल्यांचे नंबर लागले आहेत. इथे उतरायचं तर आधी तो फ्लॅट समजून घेतलेला बरा. खोलीचा दर, उजेड, आवाज, न्हाणीघर कुठे आहे, नाश्ता किती वाजता, या सगळ्याची उत्तरं त्या फ्लॅटच्या नकाशात आणि तो चालवणाऱ्या कुटुंबाच्या वेळापत्रकात असतात.

१८६२ साली जेम्स होब्रेख्ट या अभियंत्याने बर्लिन आणि आसपासच्या वाढीव भागाचा रस्त्यांचा आराखडा केला. रस्ते रुंद, त्यामुळे मधले प्लॉट खूप खोल. बिल्डरांनी ती खोली वाया जाऊ दिली नाही. रस्त्याकडे पुढची इमारत, दोन्ही बाजूंना पंख, मागे आणखी एक इमारत आणि मध्ये चौक, अशी घरं उभी राहिली. आपल्याकडे पुण्याच्या वाड्यात एकामागे एक चौक येत जातात, तसाच काहीसा प्रकार. फक्त इथे तो चार-पाच मजले उंच. पुढच्या भागात उंच छताच्या, नक्षीकाम केलेल्या दिवाणखान्याच्या खोल्या. बाजूच्या पंखात झोपायच्या खोल्या, स्वयंपाकघर, मोलकरणीची खोली आणि नोकरांसाठी निराळा जिना. पुढचा जिना फक्त मालक-मंडळींसाठी, असं बजावणाऱ्या पाट्या काही घरांच्या दारांवर अजून पाहायला मिळतात.

हे दोन भाग जिथे काटकोनात जुळतात तिथे एक मोठी खोली तयार होते. तिला ‘बर्लिनर त्सिमर’, म्हणजे बर्लिनची खोली, असंच म्हणतात. आकाराने भली मोठी आणि उजेड मात्र कोपऱ्यातल्या एकाच खिडकीतून, तोही चौकाकडून येणारा. पुढच्या खोल्यांतून मागे जायचं तर हिच्यातूनच जावं लागतं. धड बैठकीची नाही, धड झोपायची नाही. जुन्या कुटुंबांनी तिथे जेवणाचं टेबल मांडलं, आणि पेन्सिऑनवाल्यांनी तिथेच नाश्त्याची टेबलं मांडली. दुसरं करण्याजोगं काही नव्हतंच.

शार्लोटेनबुर्ग १९२०पर्यंत वेगळं शहर होतं, आणि चांगलं श्रीमंत. मग पहिल्या महायुद्धातला पराभव आणि १९२३ची चलनफुगवट आली. ज्यांची सगळी पुंजी बँकेत आणि सरकारी रोख्यांत होती, त्यांच्या हातात कागद उरले. घर मात्र होतं, तेही दहा खोल्यांचं. त्यातल्या चार भाड्याने द्यायच्या, सकाळची कॉफी आणि पाव द्यायचा, आणि वर आपली प्रतिष्ठाही सांभाळायची, हा मार्ग कितीतरी घरांनी, विशेषतः विधवांनी, धरला. भाडेकरूही भरपूर होते. क्रांतीनंतर पळून आलेल्या रशियनांमुळे या भागाला लोक थट्टेने ‘शार्लोटेनग्राड’ म्हणत. व्लादिमीर नाबोकोव १९२२ ते १९३७ बर्लिनमध्ये राहिला, तो अशाच खोल्या बदलत. ख्रिस्तोफर इशरवुड शेजारच्या श्योनेबेर्गमध्ये एका घरमालकिणीकडे राहत होता. पुढे त्याने तिला आपल्या पुस्तकात अजरामर केलं. इरावती कर्वे १९२८मध्ये संशोधनासाठी गेल्या ते बर्लिनही हेच, भाड्याच्या खोल्यांचं आणि कडक घरमालकिणींचं.

काही मजल्यांना तर स्वतःचा इतिहास आहे. मूकपटांच्या काळातली डॅनिश नटी आस्टा नील्सन १९३१ ते १९३७ फाझानेनश्ट्रासेवरच्या ६९ नंबरच्या घरात राहत होती. त्याच घरात पुढे पेन्सिऑन सुरू झालं. जवळच श्ल्युटरश्ट्रासे ४५ इथे इव्हा या नावाने काम करणारी छायाचित्रकार होती. तिच्या स्टुडिओत हेल्मुट न्यूटन पोरवयात उमेदवारी करत होता. तो १९३८मध्ये देश सोडून निसटला, ती ज्यू म्हणून १९४२मध्ये छळछावणीत मारली गेली. त्या इमारतीत मग नाझींच्या सांस्कृतिक खात्याचं कार्यालय आलं, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर तिथेच कलावंतांच्या नाझी संबंधांच्या चौकश्या झाल्या. कोलंबियात आश्रय घेऊन परतलेल्या एका ज्यू गृहस्थाने १९६०च्या दशकात तिथे हॉटेल काढलं, त्याचं नाव बोगोटा. पुढे ते एका कुटुंबाने १९७६पासून चालवलं आणि २०१३च्या अखेरीस बंद केलं. घरमालकाला भाडं वाढवून हवं होतं, हॉटेलाला ते झेपत नव्हतं. या सगळ्या धंद्याची दुखरी नस हीच आहे. बहुतेकांचा मजला भाड्याचा असतो. त्यात आगीपासून बचावाचे नियम, बाहेर पडायच्या दुसऱ्या वाटेची अट, आणि मुलांनी सकाळी साडेपाचला उठून पाव आणायला दिलेला नकार. असे मजले दर काही वर्षांनी कमी होतात, ते बहुतेक गिऱ्हाईक नाही म्हणून नव्हे, वारस नाही म्हणून.

तर आता बेत. पहिली गोष्ट तारखा. हा भाग प्रदर्शनांच्या मैदानाला जवळचा. जानेवारीत शेतीचं ‘ग्र्यूने वोखे’, फेब्रुवारीत चित्रपट महोत्सव, मार्चमध्ये पर्यटन व्यवसायाचं आयटीबी, सप्टेंबरमध्ये इलेक्ट्रॉनिक वस्तूंचं इफा आणि महिनाअखेरीला मॅरेथॉन. या दिवसांत खोल्या वर्षानुवर्षांच्या पाहुण्यांनी आधीच धरलेल्या असतात, आणि उरलेल्यांचे दर ऐकून माणूस पॉट्सडामला उतरायचा विचार करू लागतो. नोव्हेंबरचा पूर्वार्ध रिकामा असतो. पण तेव्हा साडेचारला अंधार पडतो, हेही लक्षात असू द्या.

दुसरी गोष्ट म्हणजे सरळ ई-मेल करावा. बुकिंगच्या मोठ्या संकेतस्थळांना दरातला साधारण सातवा हिस्सा जातो. तुमच्या स्वतःच्या साइटवर आमच्यापेक्षा स्वस्त दर लावू नका, अशी अट ती पूर्वी घालत. जर्मनीच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२१मध्ये ती बेकायदा ठरवली. म्हणजे मालकाला थेट येणाऱ्याला सवलत द्यायची मोकळीक आहे, आणि पैशांत नाही दिली तरी खोलीच्या निवडीत तो नक्की देतो. पत्रात मोघम लिहू नये. रस्त्याकडची खोली हवी की चौकाकडची? रस्त्याकडे उंच छत, मोठ्या खिडक्या, क्वचित बाल्कनी आणि पहाटेपर्यंत मोटारी. चौकाकडे शांतता, पण उजेड बेताचा. न्हाणीघर खोलीत आहे की मजल्यावर? ‘खोलीत शॉवर’ याचा अर्थ कधीकधी शब्दशः घ्यावा लागतो, कारण कपाटाशेजारी, पलंगापासून दोन पावलांवर, काचेचा उभा डबा बसवलेला असतो आणि संडास बाहेर बोळात असतो. १९००च्या सुमाराच्या घरात प्रत्येक खोलीला नळ नव्हता, तो मागाहून जमेल तसा नेला. आई-वडिलांना घेऊन जात असाल तर लिफ्टचंही विचारा, आणि ती कुठल्या पायरीपासून सुरू होते हेही. बऱ्याच घरांत रस्त्यापासून तिच्यापर्यंत अर्धा जिना चढावाच लागतो.

व्हिसासाठी राहण्याचा पुरावा लागतो. तो अशी हॉटेलं बिनतक्रार पाठवतात. पासपोर्टवरची नावं जशीच्या तशी कळवायची, एवढंच. मात्र इथे आपली मंडळी एक गल्लत करतात. व्हिसापुरतं बुकिंग करायचं आणि मग सोडून द्यायचं, ही चाल या हॉटेलांशी खेळू नये. जर्मन कायद्यात खोलीचं बुकिंग हा दोन्ही बाजूंना बांधणारा करार आहे. मोफत रद्द करण्याची मुदत लेखी ठरली नसेल, तर न येणाऱ्या पाहुण्याने वाचलेला खर्च वजा करून बाकीची रक्कम द्यायची असते. नुसत्या खोलीला ९० टक्के आणि नाश्त्यासह खोलीला ८० टक्के, असा तिथल्या हॉटेल संघटनेचा प्रघात आहे. खोली दुसऱ्याला गेली तर हॉटेलाला तेवढं सोडून द्यावं लागतं. दहा खोल्यांच्या हॉटेलात एक रिकामी राहणं म्हणजे त्या दिवसाची दहा टक्के कमाई जाणं, हे ध्यानात घेतलं की मालकांच्या करड्या सुराचा राग येत नाही.

तिसरी गोष्ट पोचण्याची वेळ. मुंबईहून मध्यरात्रीनंतर निघणारी विमानं फ्रँकफर्ट किंवा म्युनिकला पहाटे-सकाळी टेकतात, म्हणजे बर्लिनला दुपारच्या आत पोचणं होतं. खोली दोन-तीनच्या आधी मिळत नाही. बॅग ठेवू देतात, पण तेही कळवलेलं असेल तर. कारण अकरा ते दोन या वेळात मालकीणबाई चादरी बदलत असतात, नाहीतर बाजारात असतात. रात्री उशिरा पोचणार असाल तर किल्लीची तिजोरी आणि तिचा आकडा आधी मागून घ्या. घंटा वाजवून झोपेतून उठवलेला जर्मन हॉटेलमालक पाहायची हौस कुणाला असेल असं वाटत नाही. रविवारी पोचत असाल तर पाणी, फळं, दूध वाटेतल्या मोठ्या स्थानकातच घ्या, कारण तिथली सोडली तर दुकानं बंद असतात.

किल्ल्यांचा जुडगा मिळतो: रस्त्याच्या दाराची, मजल्याच्या दाराची आणि खोलीची. काही जुन्या घरांच्या रस्त्याच्या दाराला अजून ‘बर्लिनची किल्ली’ असते, ती एकदा तरी हातात घेऊन पाहावी. १९१२च्या सुमारास योहान श्वाइगर या बर्लिनच्या कुलूपवाल्याने ती काढली. तिला मूठच नाही. दोन्ही टोकांना सारखेच दाते. रात्री बाहेरून कुलूप उघडलं की किल्ली मागे ओढून निघत नाही. ती भोकातून आरपार आत ढकलायची, आपण आत जायचं, दार लावायचं आणि आतून फिरवून कुलूप घातलं की मगच ती हातात येते. म्हणजे दार उघडं टाकून जाणं शक्यच नाही. ‘दार लावून घ्या’ असा कागद चिकटवण्याची गरज उरली नाही. सूचना किल्लीतच ओतलेली. ब्रूनो लातूर या फ्रेंच विचारवंताने या किल्लीवर एक पूर्ण निबंध लिहिला आहे. मला तिच्यात बर्लिनच्या घरमालकिणीचा स्वभाव दिसतो, तेवढं पुरे.

मजल्यावर ‘रिसेप्शन’ म्हणजे बोळातलं एक टेबल. परदेशी पाहुण्याला नोंदणीचा कागद भरून सही करावी लागते आणि पासपोर्ट दाखवावा लागतो. जर्मन नागरिकांना २०२५पासून त्यातून सुटका मिळाली आहे, आपल्याला नाही. खोलीत जोडपलंग असला तरी त्यावर गाद्या दोन आणि पांघरुणं दोन, प्रत्येकाचं आपापलं. उशी चौकोनी, ८० सेंटिमीटरची, डोकं ठेवलं की तळाला जाणारी. एसी शोधू नका. खिडकीची मूठ फिरवून वरच्या बाजूने ती आत कलती करायची, हीच हवेची सोय. भिंतीला मोठं कपाट टेकवलेलं असेल तर त्यामागे बहुधा जुनं दुपाखी दार असतं, शेजारच्या खोलीत उघडणारं. त्यातून शेजाऱ्याचं फोनवरचं बोलणं व्यवस्थित कळतं. त्यालाही आपलं कळत असतं. रात्री दहा ते सकाळी सहा शांतता पाळायची असते, आणि तिथे ती खरंच पाळतात.

नाश्ता बर्लिनर त्सिमरमध्ये, साधारण आठ ते दहा. अशा नुसत्या नाश्त्याच्या हॉटेलांना ‘गार्नी’ म्हणतात. संध्याकाळचं जेवण बाहेर. गरम पाव, ज्यांना बर्लिनवाले ‘श्रिपे’ म्हणतात, लोणी, घरचा मुरंबा, चीज, चक्क्यासारखं क्वार्क, आणि मांसाहाऱ्यांसाठी सॉसेजचे काप. अंडं नरम की घट्ट, हे मालकीणबाई स्वतः येऊन विचारतात आणि विणलेली छोटी टोपी घालून ते आणून देतात. अंडं न खाणाऱ्यांनी ते आदल्या दिवशीच सांगावं. ‘शाकाहारी’ एवढंच म्हटलं तर अंडं येणारच. दहा वाजून पाच मिनिटांनी गेलात तर कॉफी मिळेल. पाव मिळेलच असं नाही.

बिलात नाश्ता खोलीपासून वेगळा दाखवतात. २०१०पासून खोलीभाड्यावरचा कर १९वरून सात टक्क्यांवर आला, पण सवलत खोलीपुरतीच होती, म्हणून पावाचा हिशेब निराळा मांडावा लागला. शिवाय बर्लिनचा मुक्कामकर, जो २०२५पासून खोलीभाड्याच्या साडेसात टक्के झाला आहे. आंतरराष्ट्रीय क्रेडिट कार्ड चालतं का, हे बुकिंगच्याच वेळी विचारलेलं असावं. नाही म्हणणारी घरं अजून आहेत, आणि चौथ्या मजल्यावरून एटीएमला जाऊन परत येणं हा काही निघायच्या सकाळचा व्यायाम नव्हे. पुढच्या वर्षी महोत्सवात यायचं मनात असेल तर पैसे चुकते करतानाच सांगून टाका. टेबलावर कागदी नोंदवही असते. त्या आठवड्याच्या पानावर तुमचं नाव पेन्सिलीने लिहून ठेवतात, आणि शरद ऋतूत कधीतरी ई-मेलने पक्कं करून घेतात.