भोकाचा पैसा

गोंदियाजवळच्या मुर्रीतल्या एखाद्या जुन्या पेटीत मधोमध भोक पाडलेलं तांबूस नाणं निघालं, तर त्यावरचं साल बघा. ते १९४३ ते १९४७ च्या दरम्यानचंच असणार. दुसऱ्या महायुद्धात तांब्याची टंचाई झाली, तेव्हा इंग्रज सरकारने पैशाचं पोटच कापलं. पाच ग्रॅमच्या आसपासचं वजन दोन ग्रॅमवर आलं. राजा सहाव्या जॉर्जच्या चेहऱ्याला जागाच उरली नाही, मुकुट तेवढा राहिला! मुंबई, कलकत्ता, लाहोर आणि थेट दक्षिण आफ्रिकेतल्या प्रिटोरियाच्या टांकसाळीतही हा पैसा पाडला गेला. रुपयाला असे ६४ मिळत. नाणं चिंचेने घासून चकचकीत करू नका. संग्राहकाच्या लेखी त्याचं मोल घटतं.