हैतीतील झॉम्बी : मरणोत्तर वेठबिगारीची भयकथा

झॉम्बी म्हणजे माणसे खाणारे प्रेत, अशी प्रतिमा चित्रपटांनी रूढ केली आहे. हैतीच्या लोककथेतील झॉम्बी मात्र धन्यासाठी राबणारा मजूर होय. फ्रेंच वसाहतीतील ऊसमळ्यांवरील आफ्रिकी गुलामांपैकी अनेकांना मृत्यू हीच सुटका वाटे. तीही हिरावली जाणे, हे या कथेतील मूळ भय होय. १८०४ मध्ये हैती स्वतंत्र झाले; तथापि अमेरिकी ताब्याच्या काळात (१९१५-१९३४) रस्तेबांधणीसाठी वेठबिगारी पुन्हा लादली गेली. विल्यम सीब्रुक यांच्या १९२९ मधील प्रवासवर्णनात ऊसमळ्यात राबणारी प्रेते येतात, तर १९३२ च्या 'व्हाइट झॉम्बी' या चित्रपटात ती साखर कारखाना चालवितात. लोकसमजुतीनुसार मीठ चाखताच झॉम्बीला भान येते व तो थडग्याकडे परततो. भान येणे हीच येथे मुक्तीची पहिली पायरी ठरते.