दारातला धूरमापक आणि फडातले पाचट



गाळप हंगाम भरात आला की आपल्या भागात संध्याकाळी दोन गोष्टी हमखास दिसतात. एक, कारखान्याकडे निघालेल्या उसाच्या वाहनांची रांग. आणि दुसरी, तुटलेल्या फडातून उठणारा पाचटाचा धूर. पहिलीबद्दल सभासद गट ऑफिसात येऊन हक्काने तक्रार करतात. दुसरीबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही. कारण आज शेजाऱ्याचा फड पेटला, तर उद्या आपला पेटायचा असतो.

"धूर काय, तासाभरात निघून जातो," असे म्हणून विषय मिटतो. धूर तासाभरात जातो हे खरे. पण त्या एका तासात आपल्या दारात, आपल्या लेकराबाळांच्या छातीत काय जाते, हे मोजायला खेड्यात काही साधन नव्हते. हवा मोजणारी सरकारी केंद्रे बहुतेक शहरांत. आता मात्र हाताच्या पंजात मावेल एवढे, घराच्या वळचणीला टांगता येईल असे यंत्र काही हजार रुपयांत मिळते. त्याची माहिती सभासदांना व्हावी म्हणून हा लेखनप्रपंच.

हे यंत्र मोजते काय?

धुरात मोठी काजळी असते तशी अतिशय बारीक कणांची भुकटीही असते. माणसाच्या केसाची जाडी साधारण ५० ते ७० मायक्रॉन. २.५ मायक्रॉन किंवा त्याहून बारीक कणांना 'पीएम २.५' म्हणतात. काजळी नाकात अडते, शिंकेबरोबर बाहेर पडते. हे बारीक कण मात्र फुप्फुसाच्या तळापर्यंत जातात. त्यांतले अतिबारीक तर रक्तातही उतरतात. दमेकरी, म्हातारी माणसे, लहान मुले आणि गरोदर बाया यांना त्याचा त्रास जास्त. आणि फडाच्या कडेला कोपी करून राहणाऱ्या तोडणी कामगारांच्या मुलांना तर दार लावून घेण्याचीही सोय नसते.

यंत्राचे तत्त्व अगदी साधे आहे. कौलातल्या फटीतून उन्हाचा कवडसा घरात आला की त्यात धूळ नाचताना दिसते. एरवी न दिसणारे कण उजेड अंगावर पडला की चमकतात. या डबीतही तेच होते. छोटा पंखा हवा आत ओढतो, लेसरचा किरण त्या हवेतून जातो, कणांवरून विखुरलेला उजेड टिपला जातो आणि त्यावरून एक घनमीटर हवेत किती मायक्रोग्रॅम कण आहेत याचा अंदाज काढून तो आकडा मोबाइलवर दाखवला जातो.

फ्लोरिडाच्या ऊसपट्ट्यात काय झाले?

अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्यात ओकीचोबी नावाच्या मोठ्या तळ्याच्या दक्षिणेला उसाचा विस्तीर्ण पट्टा आहे. तिथे आपल्यासारखे तोडणीनंतर पाचट पेटवत नाहीत, तर तोडणीच्या आधी उभा फडच पेटवतात. पाला जळून जातो, ऊस उभा राहतो, मग यंत्राने तोडतात. एक फड जळायला पंधरा-वीस मिनिटे पुरतात. बेल ग्लेड, पाहोकी या गावांवर हंगामभर काजळी पडते. तिथले लोक तिला 'काळा बर्फ' म्हणतात.

वारा पूर्वेकडच्या दाट वस्तीच्या शहरांकडे वाहत असेल तर तिथे पेटवायला परवानगी मिळत नाही. हा नियम १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून आहे. तळ्याकाठच्या ऊसपट्ट्यातल्या गावांना मात्र तसे संरक्षण नाही. लोकांनी तक्रार केली की उत्तर ठरलेले, 'हवा सरकारी मर्यादेतच आहे.' तेव्हा 'प्रोपब्लिका' आणि 'द पाम बीच पोस्ट' या वृत्तसंस्थांनी रहिवाशांच्या घरांवर 'पर्पल एअर' बनावटीची अशीच यंत्रे बसवली आणि २०२१ साली निष्कर्ष छापले. ज्या दिवशी फड पेटवायला परवानगी दिलेली होती आणि धूर वस्तीकडे येण्याचा अंदाज होता, त्या दिवशी आकडा थोडा वेळ एकदम वर उसळत होता. कित्येकदा तिथल्या सरासरीच्या चौपट.

मग सरकारी आकडा खोटा होता का? तसे नव्हे. सरकारी मर्यादा चोवीस तासांच्या सरासरीवर ठरते, आणि सारी गोम त्यातच आहे.

सरासरीचा हिशेब

आपण आपल्यापुरता एक हिशेब मांडून पाहू. समजा दिवसाचे तेवीस तास आकडा ३० आहे आणि पाचट पेटल्यावर एक तास तो ५०० वर गेला. २३ गुणिले ३० म्हणजे ६९०, त्यात ५०० मिळवले की ११९०. त्याला २४ ने भागले की सरासरी येते ५० च्या आत. आपल्या देशात २००९ पासून पीएम २.५ ची चोवीस तासांची मर्यादा ६० आहे. म्हणजे कागदोपत्री तो दिवस 'समाधानकारक' ठरला! पण त्या एका तासात ज्याला दम लागला, त्याने सरासरी हुंगलेली नसते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली हीच मर्यादा १५ सुचवली आहे, हेही लक्षात असू द्यावे.

दारातल्या यंत्राचा उपयोग इथे आहे. दिवसाच्या एका आकड्यात दडलेला तास ते उघडा करून दाखवते.

यंत्र कुठे लावावे, कसे वाचावे?

१) यंत्र घराबाहेर, माणूस श्वास घेतो साधारण त्या उंचीवर, पाऊस व थेट ऊन लागणार नाही असे लावावे. चूल, बंब, उदबत्ती आणि गोठ्यातला धूर यांपासून लांब ठेवावे. नाहीतर आपण आपलीच चूल मोजत बसू.

२) मोबाइलवरची काही ॲप अमेरिकेच्या मापाने निर्देशांक दाखवतात, तो आपल्याकडच्या निर्देशांकाशी जुळत नाही. म्हणून मायक्रोग्रॅमचा मूळ आकडाच बघावा.

३) धुक्यात या यंत्रावर भरवसा ठेवू नये. दमट हवेत कण पाणी पिऊन फुगतात आणि आकडा वाढून दिसतो. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने २०२० पासून वणव्याच्या नकाशावर ही घरगुती यंत्रे घेतली, ती आर्द्रतेचा हिशेब धरून व दुरुस्ती करूनच. त्या दुरुस्तीत आकडा बऱ्याचदा निम्म्याच्या आसपास येतो. तेव्हा आपल्याकडच्या पौष महिन्यातल्या पहाटेचा मोठा आकडा बघून घाबरू नये. चढ-उतार किती झाला आणि केव्हा झाला, हे बघावे.

४) जाड धूळ व काजळीची फुले यात नीट मोजली जात नाहीत. वाळत घातलेल्या धोतरावर काळे ठिपके पडले आणि आकडा मात्र वाढला नाही, तर यंत्र बिघडले असे समजू नये.

५) जवळ वही ठेवावी. वेळ, वाऱ्याची दिशा, धुके होते का, कुठे काय पेटले होते, हे चार शब्द लिहावेत. नुसता आकडा मुका असतो, वही त्याला बोलते करते. महिन्यातून एकदा जाळीवरची धूळ व कोळिष्टके हलक्या ब्रशने काढावीत.

हे यंत्र शेजाऱ्यावर केस घालायला नाही. बांधावरून भांडणे आपल्याकडे आधीच कमी नाहीत. शिवाय धूर कोणाचा हे यंत्र सांगत नाही. पाचटाचा, वीटभट्टीचा, रस्त्यावरच्या वाहनांचा, आणि कारखान्याच्या चिमणीचाही धूर त्यात सारखाच येतो. सभासदांच्या वहीत चिमणीकडून वारा असताना आकडा चढलेला दिसला, तर तोही आमच्यापुढे जरूर ठेवावा. आरशात एकट्या सभासदानेच तोंड बघावे असे थोडेच आहे?

इलाज फडातच आहे

धूर मोजून कमी होत नाही, पेटवणे थांबले की कमी होतो. एकरी साधारण ३ ते ४ टन पाचट निघते. टनामागे त्यात ४ ते ५ किलो नत्र असते, म्हणजे एकरी १२ ते २० किलो. युरियाच्या ४५ किलोच्या गोणीत जेमतेम २१ किलो नत्र असते. काडी ओढली की अर्धी ते जवळजवळ अख्खी गोणी आपण वाऱ्यावर सोडतो, सेंद्रिय कर्ब जळतो तो वेगळाच. आणि पुन्हा तीच गोणी विकत आणायला सोसायटीत जातो!

खोडवा ठेवणाऱ्यांनी पाचट सरीत दाबून बसवावे. बुडखे जमिनीलगत छाटावेत. टनामागे ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजवणारे जिवाणू शेणखतात मिसळून पसरावेत आणि पाणी द्यावे. ओल टिकते, तण दबते, पाण्याची एखादी पाळी लांबवता येते. "पाचटात उंदीर होतात, पाणी पुढे सरकत नाही," ही तक्रार आमच्या कानावर असते आणि ती अगदीच खोटी नाही. पण पाचट पसरून न ठेवता सरीत नीट दाबले तर पाण्याची अडचण पुष्कळ कमी होते.

ज्या गावात शाळेजवळ किंवा तोडणी कामगारांच्या कोप्यांजवळ फड आहेत, तिथल्या दहा-बारा सभासदांनी मिळून असे एक यंत्र घ्यावे, एक हंगाम वही ठेवावी आणि ती वही गावाच्या बैठकीत मोठ्याने वाचून दाखवावी. कोणाचे नाव घेण्याची गरज पडणार नाही. तास आणि आकडे ऐकले, की काडीपेटी कोणाच्या खिशात होती हे ज्याचे त्याला कळते.

आपला,
ऊस विकास अधिकारी