स्वमग्न बालकांसाठी उपचारतज्ज्ञाची निवड : काही विचार

इ.स. १९४३ मध्ये लिओ कॅनर यांनी ज्या अवस्थेचे सविस्तर वर्णन केले ती स्वमग्नता, म्हणजेच ऑटिझम, हा बरा होऊन जाणारा रोग नसून मज्जासंस्थेच्या विकासाशी निगडित अशी आजन्म अवस्था होय. भारतात १९९९ च्या राष्ट्रीय न्यास अधिनियमाने व पुढे २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने तिची कायदेशीर दखल घेतली. तथापि निदानाचा कागद हाती ठेवून 'थेरपी सुरू करा' एवढ्याच सल्ल्यावर पालकांची अनेकदा बोळवण होते. कोणती थेरपी आणि कोणाकडे, हा प्रश्न मागे उरतो. प्रस्तुत लेखात त्याचाच विचार केला आहे.

तज्ज्ञ कोणास म्हणावे?

'थेरपिस्ट' हा शब्द एकाच व्यवसायाचा निदर्शक नाही. संवादातील अडचणींसाठी वाचा-उपचारतज्ज्ञ, आवाज-स्पर्शाची अतिसंवेदनशीलता व जेवण-कपडे यांसारख्या नित्य कौशल्यांसाठी व्यवसायोपचारतज्ज्ञ, अध्ययनासाठी विशेष शिक्षक, तर मूल्यमापन व वर्तनविषयक मार्गदर्शनासाठी चिकित्सा मानसशास्त्रज्ञ असतो. यांपैकी व्यवसायोपचारतज्ज्ञ वगळता इतरांच्या नोंदणीची व्यवस्था १९९२ च्या अधिनियमान्वये भारतीय पुनर्वास परिषदेकडे आहे. व्यवसायोपचारासाठी महाराष्ट्राने २००२ मध्ये स्वतंत्र परिषदेचा कायदा केला. नोंदणी क्रमांक विचारणे हा उद्धटपणा नव्हे. भिंतीवर टांगलेली अल्पमुदतीच्या कार्यशाळांची प्रमाणपत्रे नोंदणीची जागा घेऊ शकत नाहीत.

हाक मारूनही मूल वळून पाहत नसेल तर सर्वप्रथम श्रवणचाचणी आवश्यक ठरते. वांद्रे येथील अली यावर जंग राष्ट्रीय संस्था (स्थापना १९८३) या क्षेत्रातील अग्रगण्य संस्था होय. मात्र मुंबई गाठणे प्रत्येकास शक्य नसते. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमांतर्गत जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्रांची योजना आहे. तालुक्याच्या पालकाने प्रथम तेथेच चौकशी करणे श्रेयस्कर.

भाषेचा प्रश्न

या निवडीत सर्वाधिक उपेक्षित राहणारी बाब म्हणजे भाषा. घरी अहिराणी वा वऱ्हाडी बोलणाऱ्या कुटुंबास 'मुलाशी फक्त इंग्रजीत बोला' असे सांगितले जाते. दोन भाषांमुळे स्वमग्न बालकाचा भाषाविकास खुंटतो, या समजुतीस संशोधनाचा आधार मिळालेला नाही. उलट आजीच्या तोंडची भाषा तोडल्यास आधीच दुबळा असलेला संवाद आणखी क्षीण होतो. ज्या आईला इंग्रजी येत नाही तिला तर या सल्ल्याने मुकेच केले जाते! म्हणून घरची भाषा समजणारा, निदान तिचा मान राखणारा तज्ज्ञ शोधावा. 'पाणी' हा शब्द उपचारकक्षातील चित्रावर शिकून भागत नाही. तो माठाजवळ उपयोगी पडला पाहिजे. त्यासाठी पालकांना सत्रात बसू देणे व घरी काय करावे हे दाखवणे अपरिहार्य ठरते. दार लावून घेणाऱ्या केंद्राबाबत शंका घ्यावी.

फसवे दावे व खर्च

'सहा महिन्यांत पूर्ण बरा' अशी हमी देणाऱ्याकडे पुन्हा जाऊ नये. मूळपेशी उपचारांबाबत भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी काही रक्तविकार वगळता अन्यत्र असे उपचार मान्य चाचण्यांपुरतेच मर्यादित ठेवले आहेत. तरीही त्यापायी शेतजमीन विकण्याचा विचार कोणा पालकाच्या मनात आल्यास नवल नाही. राष्ट्रीय न्यासाच्या 'निरामय' योजनेत वार्षिक एक लाख रुपयांपर्यंतच्या आरोग्य विम्याची तरतूद असून तीत थेरपीचाही समावेश आहे. मात्र त्यासाठी दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र लागते. ते निदानानंतर लगेच काढावे, आणि थेरपी त्याच्या प्रतीक्षेत थांबवू नये.