बचावाच्या फळींतून प्रशिक्षकाच्या जागीं : जॉर्ज कोस्टा

फुटबॉलच्या खेळांत टाळ्या पडतात त्या गोल करणाऱ्याला. जो गोल होऊं देत नाहीं, त्याचें नांव प्रेक्षकांच्या ओठांवर क्वचितच येतें. बचावाच्या फळींत मध्यभागीं उभ्या राहणाऱ्या खेळाडूला सारें मैदान समोर दिसतें. धोका कोठून येणार हें अगोदर ओळखावयाचें आणि सोबत्यांस सावध करावयाचें, हें त्याचें निम्में काम. पोर्तुगालच्या जॉर्ज कोस्टाचें आयुष्य याच कामांत गेलें.

त्याचा जन्म १४ ऑक्टोबर १९७१ रोजीं पोर्टो शहरीं झाला. १९९१ सालीं लिस्बन येथें ब्राझीलला हरवून वीस वर्षांखालील जागतिक अजिंक्यपद मिळविणाऱ्या संघांत तो होता. पुढें तो पोर्टो संघाचा नायक झाला आणि देशातर्फे ५० सामने खेळला. पण २००१ सालीं, मधूनच बाहेर बोलावल्याच्या रागानें, त्यानें नायकाची दंडपट्टी जमिनीवर फेकली. प्रशिक्षकाशीं बेबनाव झाला, आणि लंडनच्या चार्लटन संघांत त्याला दिवस काढावे लागले. २००२ सालीं मोरिन्यो प्रशिक्षक झाल्यावर तो परतला. २००३ सालीं सेल्टिकला ३-२ व २००४ सालीं मोनॅकोला ३-० असें नमवून पोर्टोनें युरोपचे दोन चषक जिंकले. दोन्ही वेळां नायक तोच होता.

इतक्या कीर्तीनंतर लहान संघांची उठाठेव कशाला? पण कोस्टानें तीच पत्करली. त्याच्या हाताखालीं ओल्यानेन्से संघ २००९ सालीं ३४ वर्षांनीं वरच्या श्रेणींत आला. २०१५ सालच्या आफ्रिकी स्पर्धेंत त्यानें गॅबन देशाचा संघ उतरविला. २०१८ ते २०२० तो मुंबई सिटी संघाचा प्रशिक्षक होता. पहिल्याच हंगामांत मुंबई साखळींत तिसरी आली. उपांत्य फेरींत गोव्याच्या संघानें मुंबईंत येऊन तिला ५-१ असें लोळविलें. तीनच दिवसांनीं गोव्यांतला सामना मुंबईनें १-० जिंकला. एकूण गोलांत ती मागेंच राहिली. पण इतक्या मोठ्या पराभवानंतर संघ पुन्हां उभा राहिला, हें प्रशिक्षकाचें काम. खेळाडू असतां स्वतः धांवून चूक सांवरतां येते. प्रशिक्षकाला मात्र रेषेबाहेर उभें राहून पाहावें लागतें. जें करावयाचें तें आधींच शिकवून ठेवलेलें असावें लागतें.

२०२४ सालीं एव्हीएस संघाला वरच्या श्रेणींत नेऊन तो पोर्टोला व्यवस्थापक म्हणून परतला. ५ ऑगस्ट २०२५ रोजीं, संघाच्या सरावकेंद्रांतच, हृदयविकारानें त्याला गांठलें. वय अवघें ५३ होतें.